उंदराच्या पँक्रियाजमधून आयलेट्स काढताय? टायमरला हात लावायच्या आधी हे वाचा

"ताई, सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलं, तरी चार उंदरांचे मिळून नव्वदच दाणे आले." असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो, पुण्यातल्याच कुठल्यातरी लॅबमधून, कधी पाषाणहून, कधी गणेशखिंडीतून, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "डायजेशन दोन मिनिटं वाढवून बघू का?" (दाणे म्हणजे आयलेट्स, पँक्रियाजमधले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके. डायजेशन म्हणजे एन्झाइमने भोवतालचं पँक्रियाज विरघळवून ते मोकळे करणं.)

नका वाढवू. आधी हे सांगा, नळीतून एन्झाइम सोडल्यावर पँक्रियाज फुगलं होतं का? पूर्ण फुगलं होतं का, म्हणजे स्प्लीनला चिकटलेला त्याच्या शेपटीकडचा भागसुद्धा? इथे बहुतेक जण गप्प होतात. एन्झाइम आत पोचलंच नसेल तर वॉटर बाथमध्ये कितीही वेळ ठेवा, बाहेरचं विरघळणार, आतलं तसंच राहणार आणि जे थोडे दाणे सुटले होते तेही त्या जादा दोन मिनिटांत खराब होणार. एका माउसमधून नीट केलं तर १०० ते ३०० आयलेट्स मिळतात, वय, स्ट्रेन आणि तुमचा हात यावर ठरतं. खाली सगळं माउससाठी लिहिलंय, रॅटमध्ये जिथे फरक आहे तिथे सांगते.

आणि हो, हे फक्त सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नोंदणी असलेल्या ॲनिमल हाऊसमध्ये, आयएईसीची (संस्थेची प्राणी-नीती समिती) मंजुरी हातात असताना. फॉर्म बीमध्ये, म्हणजे मंजुरीच्या अर्जात, जी पद्धत लिहिली तीच वापरायची, संख्या लिहिली तेवढेच प्राणी. "प्रॅक्टिससाठी एक्स्ट्रा" हा प्रकार नाही. सराव करायचाच असेल तर दुसऱ्या मंजूर कामात गेलेल्या प्राण्यांच्या बाइल डक्टमध्ये (पित्तनळीत) नुसतं रंगीत पाणी भरून करा, त्याचीही नोंद ठेवून.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

एचबीएसएस (हँक्सचं क्षारद्रावण) कॅल्शियम-मॅग्नेशियमवालंच घ्या. ही चूक इतक्यांदा बघितलीये की सांगायची सोय नाही. सेल कल्चरवाल्यांच्या फ्रिजमध्ये कॅल्शियम नसलेली बाटली पुढे असते, तीच उचलली जाते, आणि कोलॅजिनेजला, म्हणजे पँक्रियाज विरघळवणाऱ्या एन्झाइमला, तर कॅल्शियमशिवाय काम जमत नाही. हेपेस (पीएच टिकवणारं बफर) घाला, पीएच ७.४ करा, गाळून फ्रिजमध्ये ठेवा. यातलंच थोडं वेगळं काढून त्यात १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम) घाला, ते एन्झाइम थांबवणारं स्टॉप सोल्यूशन. हे किमान ३०० मिली तरी करून ठेवा, ऐनवेळी कमी पडतं.

आता कोलॅजिनेज. पी वापरा किंवा टाइप फाइव्ह, सुरुवात १ मिलीग्रॅम प्रति मिलीच्या आसपास करा. पण हा आकडा दगडावरची रेघ नाही. हे एन्झाइम बॅक्टेरियापासून काढलेलं असतं, प्रत्येक लॉटची ताकद वेगळी, त्यामुळे बाटली बदलली की एक-दोन प्राण्यांवर वेळ आणि प्रमाण परत बसवायचं, आणि त्यासाठीचे प्राणी फॉर्ममध्ये आधीच धरायचे. एक लॉट चांगला निघाला तर त्याच लॉटच्या अजून बाटल्या मागवून ठेवा. आमच्याकडे एकदा लॉट बदललाय हे कुणी पाहिलंच नव्हतं, तीन आठवडे सगळे एकमेकांच्या हाताला नावं ठेवत बसले.

इशारा: एन्झाइम विरघळवताना व्हॉर्टेक्सवर धरू नका, बर्फावर हळूहळू हलवा. विरघळवलेलं त्याच दिवशी वापरा. परत परत गोठवलेलं-वितळवलेलं तर नकोच.

गाळणीसाठी ४०० ते ५०० मायक्रॉनची जाळी लागते. विकतचं सीव्ह असेल तर ३५ किंवा ४० नंबरचं. मी तुळशीबागेतून आणलेली बारीक जाळीची स्टीलची चहाची गाळणी ऑटोक्लेव्ह करून वापरते आणि ती उत्तम चालते, फक्त जाळीचं भोक आधी मायक्रोस्कोपखाली स्केल ठेवून मोजून घेतलं होतं. तुम्हीही मोजा, दुकानातल्या सगळ्या गाळण्या सारख्या नसतात. आणि ती गाळणी लॅबचीच, परत पँट्रीत न्यायची नाही!

टप्पा २: सकाळी टेबल लावणं

वॉटर बाथ सकाळी आल्या आल्या लावा आणि डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. पाण्यात साधा काचेचा थर्मामीटर सोडा. गुरुवारी तर मी आयसोलेशन ठेवतच नाही, पुण्यात देखभालीची वीज नेमकी गुरुवारी जाते, वॉटर बाथ बहुतेक लॅबमध्ये यूपीएसवर नसतो, आणि एकदा वीज येऊन-जाऊन झाल्यावर डिस्प्ले ३७ दाखवत होता नि थर्मामीटर ३४. तीन अंश म्हणजे किरकोळ वाटतं पण त्या दिवशी पँक्रियाज अख्खंच्या अख्खं बाहेर आलं.

बर्फ भरपूर. एप्रिल-मेमध्ये डबा दोनदा भरावा लागतो, मधे जिना उतरून आइस मशीनपर्यंत जायची वेळ आणू नका.

सिरिंज ५ मिलीची, सुई ३० गेजची, टोक वर राहील अशी साधारण ४५ अंशात वाकवलेली. प्रत्येक माउसमागे ३ मिली एन्झाइम भरून सिरिंज बर्फावर. हवेचा बुडबुडा एकही नको, डक्टमध्ये बुडबुडा अडकला की पुढचा रस्ता बंद.

तपासा: क्लॅम्प, दोन वाकड्या चिमट्या, बारीक कात्री, ७० टक्के अल्कोहोल, ५० मिलीच्या ट्यूब्ज (प्रत्येकीत २ मिली गार एन्झाइम), स्टॉपवॉच. हे सगळं हाताशी आलं की मगच पहिला प्राणी.

एका बॅचला जास्तीत जास्त चार. सहा-आठ लावायचा मोह होतो, पण पहिलं पँक्रियाज बर्फात तासभर बसलेलं असतं तोवर. एन्झाइम गारठ्यात पूर्ण झोपत नाही, हळू हळू खात राहतं.

टप्पा ३: डक्ट शोधणं, क्लॅम्प, आणि फुगवणं

सगळा लेख खरं तर या टप्प्यासाठी आहे.

मंजूर पद्धतीने प्राणी गेला की लगेच पोट ओलं करून उघडा, पोट उघडण्यापासून फुगवण्यापर्यंत पाच मिनिटांच्या आत यायचं. उंदीर पाठीवर, शेपटी तुमच्यापासून लांब किंवा जवळ, ज्याला जसं जमेल तसं, पण रोज एकच बाजू ठेवा, नाहीतर हाताला सवयच लागत नाही. लिव्हरचे तुकडे वर छातीकडे सारा, आतडी उंदराच्या डाव्या बाजूला बाहेर काढा. ड्युओडेनम हलकेच ताणला की लिव्हरपासून त्याच्यापर्यंत गेलेली गुलाबीसर दोरी दिसते, ती कॉमन बाइल डक्ट. तिच्या शेजारून पोर्टल व्हेन जाते, तिला टोचलं तर सगळं लाल होऊन काही दिसेनासं होतं.

डक्ट ड्युओडेनमला जिथे मिळते तिथे आतड्याच्या भिंतीवर एक पांढुरकं तिकोनी ठिगळ दिसतं. ते अँप्युला. क्लॅम्प तिथे. डक्टवर नाही, आतड्याच्या भिंतीवर, त्या ठिगळावरच. का, तर पँक्रियाजच्या नळ्या याच डक्टला येऊन मिळतात, आपण वरून पाणी सोडतोय, खालचं दार बंद केलं तरच ते उलटं त्या नळ्यांत शिरणार. क्लॅम्प लिव्हरच्या बाजूला सरकला तर पँक्रियाजची नळीच क्लॅम्पच्या पलीकडे राहते, मग काहीही करा, काही फुगत नाही.

आता सुई. गॉल ब्लॅडर आणि लिव्हरच्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या वाय आकाराच्या जागी, म्हणजे शक्य तितकं लिव्हरजवळ टोचायचं. तिथे डक्ट जरा रुंद असते आणि एकदा फाटली तर खाली सरकून परत टोचायला जागा राहते. (रॅटला गॉल ब्लॅडर नसतंच, नवखे शोधत बसतात. तिथे लिव्हरच्या देठाशी टोचा, सुई जरा जाड, एन्झाइम १० मिलीच्या आसपास.) चिमट्याने डक्टखालून आधार द्या, सुई डक्टला जवळजवळ समांतर धरून आत सरकवा. आत गेली की टोक पारदर्शक भिंतीतून दिसतं आणि थोडं डावी-उजवीकडे हलवलं की डक्टही बरोबर हलते. टोक दिसतंय पण डक्ट हलत नाहीये, म्हणजे तुम्ही वरच्या पडद्यात आहात.

फार आत घालू नका! बहुतेकांचं इथेच चुकतं आणि कळतही नाही. सुई खोलवर नेली तर शेपटीकडे जाणारी शाखा मागे राहून जाते, ड्युओडेनमजवळचं डोकं टम्म फुगतं, माणूस खूश होतो, पण स्प्लीनकडचा भाग कोरडा. आणि दाण्यांची गर्दी जास्त असते ती नेमकी शेपटीकडे.

पहिला अर्धा मिली अगदी हळू. मग एकसारखा दाब, पूर्ण ३ मिली जायला मिनिटभर तरी लागू दे. बघत राहा:

आतडं फुगतंय, म्हणजे क्लॅम्प निसटलाय, थांबा, परत लावा. लिव्हर फिकट पडून फुगतंय, म्हणजे सुई उलटी वर गेलीये किंवा मागून गळतंय, चिमट्याने डक्ट सुईवर दाबून धरा. पोटात नुसतं पाणी साठतंय, म्हणजे डक्ट फाटली, खाली सरकून अजून एक संधी घ्या, तीही गेली तर ते पँक्रियाज बॅचमध्ये घालू नका. हे शेवटचं कुणी ऐकत नाही. जीव जातो टाकायला, मला कळतं, पण न फुगलेलं एक पँक्रियाज बाकी तिघांबरोबर टाकलं की ते सुटेपर्यंत बाकीच्यांचे दाणे झिजतात. वेगळ्या ट्यूबमध्ये घाला, जे मिळेल ते प्रोटीनच्या कामाला वापरा.

नीट फुगलेलं पँक्रियाज कसं दिसतं? भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. पांढरट, काचेसारखं, प्रत्येक पाकळी सुटी सुटी, आणि शेवटपर्यंत, स्प्लीनला टेकेपर्यंत.

टप्पा ४: बाहेर काढणं

स्प्लीनच्या बाजूने सुरू करा, जठराच्या खालून, मग आतड्यावरून सोलत या, शेवटी ड्युओडेनम. कात्री कमी, चिमटा जास्त. आतडं फुटलं तर बॅक्टेरिया आले, ट्रान्सप्लांटसाठीचे दाणे असतील तर ते पँक्रियाज बाद. चरबीचे पिवळट तुकडे आणि गोल पांढऱ्या लिम्फ नोड्स दिसतील त्या इथेच काढून टाका, पुढे पिकिंगला डोकं खातात. ट्यूबमध्ये, बर्फात, पुढचा प्राणी.

टप्पा ५: डायजेशन

सगळ्या ट्यूब्ज एकदम बाथमध्ये. ३७ अंश, सुरुवातीला १२ मिनिटं धरा, साधारण १० ते १५ च्या मधे कुठेतरी तुमची वेळ बसेल. मधे एकदा हलकेच हलवायचं. वेळ झाली की ट्यूब बाहेर, पाच-दहा सेकंद जोरात हाताने हलवा, आणि उजेडासमोर धरा.

बारीक रव्यासारखं झालंय, पाणी गढूळ, एखाददुसरा पडदा तरंगतोय, झालं. लगेच बर्फगार स्टॉप सोल्यूशन ४० मिलीपर्यंत भरा. शेवयांसारखे लांब तुकडे आहेत, तर अजून एक मिनिट, जास्तीत जास्त दोन. आणि जर चिकट, शेंबडासारखे धागे दिसले तर ते कमी डायजेशन नाही, बरोबर उलट आहे! पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर आलाय, त्यात दाणे अडकतात. अशा वेळी थोडं डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून सोडवा आणि पुढच्या वेळी वेळ कमी करा. ही शेंबडी अवस्था बघून "अजून सुटलं नाही" म्हणून ट्यूब परत बाथमध्ये घालणारे मी पाहिलेत. त्यातली एक मीच होते, पहिल्या वर्षी.

वहीत लिहा: लॉट, प्रमाण, थर्मामीटरचा आकडा, मिनिटं, आणि प्रत्येक पँक्रियाज किती फुगलं होतं, पूर्ण, अर्धं की नाही. हा शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतोच, म्हणून मग दोष टायमरवर जातो.

टप्पा ६: धुणं आणि गाळणं

सेंट्रिफ्यूजमध्ये २५० जीच्या (गुरुत्वाच्या २५० पट) आसपास, एक-दोन मिनिटं, ४ अंशाला. वरचं ओता, परत गार स्टॉप सोल्यूशन, परत फिरवा. दोन ते तीन वेळा, एन्झाइम पूर्ण निघायला हवं. आरपीएम नको, जी बघा, प्रत्येक रोटरची त्रिज्या वेगळी असते. मग गाळणीतून ओता, गाळणी वरून थोडी धुवा, चमच्याने चेपू नका. शेवटच्या फिरवण्यानंतर गोळा शक्य तितका कोरडा करा, नाहीतर पुढच्या ग्रेडियंटची डेन्सिटी पातळ होते.

टप्पा ७: ग्रेडियंट

हिस्टोपेक १०७७ (पेशी डेन्सिटीवर वेगळ्या करणारं तयार द्रावण) खोलीच्या तापमानाला आलेलं हवं, फ्रिजमधून काढून थेट ओतलं तर डेन्सिटी बदलते. गोळा त्याच्या १० मिलीमध्ये हळूच मिसळा, वर १० मिली एचबीएसएस भिंतीवरून असं सोडा की दोन थर स्पष्ट राहतील. ९०० जी, २० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक बंद! सेंट्रिफ्यूज आधी दुसऱ्याने वापरलेलं असतं आणि त्याचं सेटिंग तसंच असतं.

दाणे दोन थरांच्या मधल्या रेषेवर मिळतात, ॲसिनार पेशी (पँक्रियाजच्या पचनरस बनवणाऱ्या) एन्झाइमच्या कणांनी भरलेल्या म्हणून जड, त्या तळाला. पण पँक्रियाज बर्फात फार वेळ राहिलं असेल तर ॲसिनार पेशी पाणी पिऊन फुगतात, हलक्या होतात आणि दाण्यांबरोबर वर येतात. म्हणजे मधल्या रेषेवर घाण दिसली तर ग्रेडियंटला शिव्या न देता टप्पा २ मधली चार प्राण्यांची मर्यादा आठवा.

मधला थर काढला की लगेच भरपूर स्टॉप सोल्यूशनमध्ये दोन-तीनदा धुवा. हिस्टोपेकमध्ये दाणे बसवून चहाला जायचं नाही, ते त्यांना सोसत नाही.

इशारा: तळाचा गोळा लगेच टाकू नका. थोडा प्लेटवर घेऊन बघा, त्यात दाणे असतील तर ते अर्धवट सुटलेले, ॲसिनारची टोपी घातलेले असतील. मग ती चूक वरच्या टप्प्यांतली आहे.

टप्पा ८: हाताने वेचणं

चहा आता प्या, कारण पुढचा तास-दीड तास मान वर होत नाही.

स्टिरिओ मायक्रोस्कोप, खाली काळा कागद, उजेड बाजूने. आयलेट म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्यासारखा: गोल, कडा गुळगुळीत, सोनेरी-तपकिरी, आरपार न दिसणारा. ॲसिनारचे तुकडे पांढुरके, वेडेवाकडे, कडेने भुसभुशीत. लिम्फ नोड गोल असते, म्हणून फसवते, पण ती दाण्यापेक्षा मोठी आणि फिकट, दुधाळ असते. प्लेट हलकेच गोल फिरवली की दाणे मधे जमतात, कपाच्या तळाशी चहाची पावडर जमते तसे, तिथून उचला. पिपेटची टिप आधी सीरमवाल्या मीडियाने ओली करा, कोरड्या प्लास्टिकला दाणे चिकटतात.

शंका आली तर डिथायझोन हा रंग. ते दाण्यातल्या झिंकला धरतं आणि दाणा लाल होतो, ॲसिनार होत नाही. डीएमएसओमध्ये विरघळवून, एचबीएसएसमध्ये पातळ करून, गाळून, ताजं वापरा. पण फक्त नमुन्यावर! सगळ्या प्लेटमध्ये ओतू नका, ते पेशींना त्रासदायक आहे, ट्रान्सप्लांटला जाणारे दाणे रंगवायचे नसतात.

दोनदा वेचा. पहिल्या फेरीनंतर "झालं की स्वच्छ" वाटतं, दुसऱ्या प्लेटमध्ये घेतल्यावर कळतं किती कचरा बरोबर आलाय.

टप्पा ९: रात्रभर विश्रांती

आरपीएमआय १६४० हा कल्चर मीडिया, १० टक्के एफबीएस, पेन-स्ट्रेप (अँटिबायोटिक्स), ३७ अंश, ५ टक्के सीओटू. आरपीएमआयच का, तर त्यात ग्लुकोज ११.१ मिलिमोलर असतं, उंदराच्या दाण्यांना ते मानवतं. हाय ग्लुकोज डीएमईएम या दुसऱ्या मीडियात २५ असतं, त्यात ठेवू नका. प्लेट साधी, टिश्यू कल्चर ट्रीटेड नको, नाहीतर दाणे बूड टेकून पसरतात. गर्दी करू नका, दाण्याला रक्तपुरवठा आता नाही, ऑक्सिजन नुसता झिरपून पोचतोय, मोठ्या दाण्यांचा गाभा आधी काळा पडतो. सकाळी काळा ठिपका दिसला तर ओळखा.

काढल्या काढल्या इन्सुलिन सिक्रीशन करायला जाऊ नका. एन्झाइमचा मार खाल्लेला दाणा त्या दिवशी काहीही उत्तर देतो.

टप्पा १०: मोजणं आणि तपासणं

नुसती संख्या सांगून उपयोग नाही, आयईक्यू (आयलेट इक्विव्हॅलंट, आकार धरून केलेली मोजणी) काढा. १५० मायक्रॉन व्यासाचा दाणा म्हणजे एक. ५० ते १०० मायक्रॉनच्या दाण्याला ०.१६७ ने गुणायचं, १०१ ते १५० ला ०.६४८, १५१ ते २०० ला १.६८५, २०१ ते २५० ला ३.५, २५१ ते ३०० ला ६.३१५. समजा तुमच्याकडे या क्रमाने ६०, ५०, ३०, ८ आणि २ दाणे आहेत, एकूण १५०, तर आयईक्यू येतो साधारण १३४. त्यातल्या २०१-२५० वाल्या आठच दाण्यांनी २८ दिलेत आणि सगळ्यात लहान साठांनी फक्त १०. म्हणून दोन गटांना "२०० दाणे" दिले असं म्हणणं म्हणजे दोघांना दोन मुठी तांदूळ देणं, मूठ कुणाची ते सांगितलंच नाही.

व्हायबिलिटीसाठी (किती पेशी जिवंत आहेत ते बघायला) एफडीए-पीआय हे दोन चमकणारे रंग: जिवंत हिरवे, मेलेले लाल. माणसांत ट्रान्सप्लांटसाठी ७० टक्के ही किमान रेषा धरतात, उंदराचे ताजे दाणे याहून बरेच वर असायला हवेत. कामाची तपासणी म्हणजे क्रेब्स बफरमध्ये तासभर बसवून मग २.८ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये एक तास, १६.७ मध्ये एक तास, दोन्हीतलं इन्सुलिन मोजून भागाकार. एकाच आकाराचे दाणे घ्या, नाहीतर तो भागाकार नुसता आकाराचा फरक दाखवतो.

टप्पा ११: ट्रान्सप्लांटला देताना

किडनी कॅप्सूलखाली, त्याच स्ट्रेनच्या, स्ट्रेप्टोझोटोसिन (बीटा पेशी मारून डायबेटिस करणारं औषध) दिलेल्या माउसला ३०० ते ४०० दाणे ही नेहमीची सुरुवात. शुगर आधी दोन दिवस लागोपाठ डेसिलिटरला ३०० मिलीग्रॅमच्या वर आहे ना ते बघा, एका दिवसाच्या आकड्यावर घेऊ नका. नंतर शुगर खाली आली तरी ती तुमच्या दाण्यांमुळेच आली हे सिद्ध करायला शेवटी ग्राफ्टवाली किडनी काढून शुगर परत चढते का पाहावं लागतं, हे काम फॉर्म बीमध्ये आधीच लिहिलेलं हवं, मागून घुसडता येत नाही.

दाणे पीई-५० ट्यूबिंगमध्ये (बारीक प्लास्टिकची नळी) ओढून हलके फिरवून एका टोकाला जमवतात. सोडून झालं की ते ट्यूबिंग फेकू नका, मीडियाने उलटं धुवून प्लेटमध्ये घ्या आणि आत राहिलेले दाणे मोजून वहीतल्या आकड्यातून वजा करा. माझ्या पहिल्या वेळी चारशेपैकी साठ-पासष्ट तिथेच भिंतीला चिकटून बसले होते, आणि मी त्या माउसची शुगर उतरत नाही म्हणून आठवडाभर सर्जरीला दोष देत होते.